वेलिंग्टन: असई आणि वॉटर्लूच्या मधे हरवलेला पंतप्रधान

केळणाकाठ

बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं, दिवाळीत गावी जाऊन आलो आणि आता राहवत नाही म्हणून लिहायला बसलोय. आमचं गाव भोकरदन तालुक्यात, असईपासून मोटारसायकलवर अर्धा तास. आजोबांच्या जुन्या घरात मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक लोखंडी गोळा लावून ठेवलेला असायचा, सोललेल्या नारळाएवढा, गंजून खरबरीत झालेला. लहानपणी तो दोन हातांनी कोण उचलतो यावर आमच्यात पैजा लागायच्या. पणजोबांना नांगरताना सापडला होता म्हणे. तो इंग्रजांच्या तोफेतला की शिंद्यांच्या, हे घरात कोणालाच माहीत नाही.

शाळेत आम्हाला असईबद्दल चार ओळी होत्या. २३ सप्टेंबर १८०३, दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांचं सैन्य, समोर आर्थर वेलस्ली, इंग्रज जिंकले, संपलं. मग पुढे कधीतरी वॉटर्लू वाचताना कळतं की नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे हाच की. पण हाच माणूस जानेवारी १८२८ ते नोव्हेंबर १८३० ब्रिटनचा पंतप्रधान होता, आणि १८३४ मध्ये परत तीन आठवडे, त्यावर आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. मला गेली दोन-तीन वर्षं त्याच काळाने झपाटलंय.

आधी असईचं थोडं सांगतो कारण त्याशिवाय माझा मुद्दा नीट मांडता येणार नाही. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांचं सैन्य होतं, कवायती पलटणींचा प्रमुख पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन, शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीजवळ प्रत्यक्ष लढणारे साडेचार हजारच्या आसपास, कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज अजून लांब. वाटाडे म्हणाले की नदीला उतार नाही. याने दुर्बिणीतून बघितलं तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड, आणि त्याने ठरवलं की समोरासमोर गावं आहेत म्हणजे लोक इकडून तिकडे जात असणार, म्हणजे उतार असणारच. आणि होता! मी त्या काठावर उभा राहून बघितलंय, आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याने हेच सांगितलं असतं, पण परक्या मुलखात तोफा समोर असताना ते सुचणं याला डोकं शांत लागतं.

त्याच्या बाजूचे पंधराशे चौऱ्याऐंशी जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता, म्हणजे तिघांत एक. नदी ओलांडताना शेजारच्या स्वाराचं डोकं गोळ्याने उडालं. त्याचा एक घोडा मेला, दुसऱ्याला भाला लागला. शिंद्यांचे तोपची तोफांजवळच पडले पण हटले नाहीत, हे त्याने स्वतः मान्य केलंय. त्या रात्री तो डोकं गुडघ्यात घालून बसला होता आणि झोप लागली तरी सारखा दचकून उठत होता, की आपले सगळे मित्र गेले. म्हातारपणी कोणी विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर वॉटर्लू नाही म्हणाला, असई म्हणाला.

आता १८२९. पंतप्रधान होऊन एक वर्ष झालंय. आयर्लंडमधे बहुसंख्य लोक कॅथलिक, पण कॅथलिक माणसाला पार्लमेंटमधे बसता येत नाही कारण खासदाराची शपथच अशी की ती कॅथलिक माणूस धर्म न सोडता घेऊच शकत नाही. जुलै १८२८ मधे काउंटी क्लेअरच्या पोटनिवडणुकीत डॅनियल ओ'कॉनेल उभा राहिला आणि सरकारच्या मंत्र्याला दुपटीहून जास्त मतांनी पाडलं. आता निवडून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं तर आयर्लंड पेटणार. वेलिंग्टन जन्माने डब्लिनचा, १८०७ पासून आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी राहिलेला, त्याला हे दिसत होतं. त्याचा पक्ष टोरी, म्हणजे कॅथलिकांना हक्क देऊ नका म्हणणारेच त्यात जास्त. तरी त्याने कायदा आणला आणि १३ एप्रिल १८२९ ला पास करून दाखवला. लॉर्ड्समधल्या, म्हणजे पार्लमेंटच्या वरच्या सभागृहातल्या भाषणात तो म्हणाला की मी बहुतेक माणसांपेक्षा जास्त आयुष्य लढाईत काढलंय, आणि माझ्या देशात एक महिन्याचं यादवी युद्ध टळणार असेल तर त्यासाठी मी माझा जीव देईन.

हे वाक्य वाचलं तेव्हा मला थेट असईची रात्र आठवली. माझं म्हणणं एवढंच आहे की पंतप्रधान वेलिंग्टन समजायचा असेल तर वॉटर्लूच्या पुतळ्यापेक्षा त्या रात्रीपासून सुरुवात करावी. ज्याने तिघांतला एक माणूस गमावून विजय बघितला त्याला युद्धाची किंमत माहीत होती. तुम्हाला काय वाटतं?

नगरी_बाणा

वा दादा, मस्त लिहिलंत. असईच्या आधी आमचं नगर आहे हे विसरू नका हो. ८ ऑगस्ट १८०३ ला पेठेची भिंत शिड्या लावून घेतली आणि १२ तारखेला किल्ला. इंग्रजांच्या बाजूने असलेल्या गोखले नावाच्या मराठा सरदाराने तेव्हा लिहिलं होतं की हे इंग्रज विचित्र लोक आणि त्यांचा जनरल अजब, सकाळी आले, भिंत बघितली, चढून गेले, आतली सगळी शिबंदी कापली आणि नाश्त्याला परत. हे वाचून मला दरवेळी कसंतरीच होतं कारण आत मेलेली माणसं आपलीच आणि लिहिणाराही आपलाच.

आणि तो गोळा एकदा वजन करून बघा की. सहा पौंडी असेल तर पावणेतीन किलोच्या आसपास भरेल, बारा पौंडी असेल तर साडेपाचच्या जवळ.

रोखठोक_बोल

केळणाकाठ, लिहिण्यातली कळकळ पोचली, पण मी सहमत नाही. कॅथलिकांना हक्क दिले ते तत्त्व म्हणून दिले नाहीत, दुसरा इलाज नव्हता म्हणून दिले. आणि देताना काय घेतलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. आयर्लंडमधे ४० शिलिंगांची जमीन धरणाऱ्या शेतकऱ्याला मत होतं, याच गरीब लोकांनी जमीनदाराचा धाक झुगारून ओ'कॉनेलला निवडून दिलं होतं. कायद्याबरोबरच ती अट वाढवून १० पौंड केली, म्हणजे २०० शिलिंग. एका फटक्यात ज्यांनी लढा जिंकला त्यांचंच मत गेलं! वर ओ'कॉनेल कायद्याच्या आधी निवडून आला म्हणून त्याला नवी शपथ लागू नाही म्हणाले आणि पुन्हा निवडणुकीला उभं राहायला लावलं. असईच्या रात्रीचं हळवेपण यात कुठे दिसतं?

ज्या माणसाने श्रीरंगपट्टणपासून गाविलगडापर्यंत एकेक राज्य मोडलं त्याला आपण इतकं समजून घ्यायची घाई का करावी हाही प्रश्न आहेच. गाविलगडावर १५ डिसेंबर १८०३ ला जी कापाकापी झाली ती असईच्या रात्रीनंतर तीन महिन्यांच्या आत झाली.

मँचेस्टरकरीण

रोखठोक यांचा शेवटचा मुद्दा माझ्या मनात राहील. पण मला वेगळीकडून भर घालायचीय, मी गेली अकरा वर्षं मँचेस्टरला आहे त्यामुळे माझ्यासाठी वेलिंग्टन म्हणजे १५ सप्टेंबर १८३०.

त्या दिवशी लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, पंतप्रधान स्वतः खास सजवलेल्या डब्यात. मधे पार्कसाइडला इंजिनं पाणी घ्यायला थांबली, खाली उतरू नका असं सांगितलेलं असूनही बरेच पाहुणे रुळांवर उतरले, त्यात विल्यम हस्किसन होता. हा लिव्हरपूलचा खासदार, दोन वर्षांपूर्वी वेलिंग्टनच्याच मंत्रिमंडळातून भांडून बाहेर पडलेला. तो ड्यूकच्या डब्यापाशी गेला, ड्यूकने हात पुढे केला, दोघांनी हात मिळवले, आणि तेवढ्यात शेजारच्या रुळावरून ‘रॉकेट’ नावाचं रेल्वे इंजिन येतंय अशी आरडाओरड झाली. बाकीचे बाजूला झाले, हा गोंधळला, डब्याचं दार धरून लटकला आणि ते दार उघडून बाहेर इंजिनाच्या वाटेत गेलं. पाय चिरडला, संध्याकाळपर्यंत गेला बिचारा.

ड्यूकला तिथूनच परत फिरायचं होतं पण मँचेस्टरला लोक जमलेत, गाडी गेलीच नाही तर दंगल होईल म्हणून पुढे नेली, आणि तिथे लोकांनी हुर्यो केली. का केली हे इथे राहिल्यावर जास्त कळतं. गिरण्यांचं एवढं मोठं शहर आणि त्याला एकही स्वतंत्र खासदार नाही! आणि ओल्ड सॅरम नावाची एक ओसाड टेकडी, जिथे राहायला माणूस नाही, तिला दोन खासदार. डनिच गावाचा बराच भाग समुद्राने गिळला होता, त्यालाही दोन. १८१९ मधे याच मँचेस्टरमधे सेंट पीटर्स फील्डवर पार्लमेंटमधे सुधारणा मागायला जमलेल्या गर्दीवर घोडेस्वार घातले होते, त्याला लोकांनी पीटरलू नाव दिलं, वॉटर्लूवरूनच. म्हणजे त्याच्या सगळ्यात मोठ्या विजयाचं नाव इथल्या लोकांनी जखमेला दिलं होतं. मी त्या जागेवरून रोज ऑफिसला जाते.

केळणाकाठ

ताई, पीटरलूचं नाव वॉटर्लूवरून आलं हे माहीत होतं पण तुम्ही तिथून रोज जाता म्हटल्यावर ते एकदम जवळचं वाटलं, थँक यू.

रोखठोक, ४० शिलिंगवाल्यांचं मी लिहायला हवं होतं, चूक मान्य. गाविलगडाबद्दलही तुमचं बरोबर आहे, त्याला मी कुठलंही पांघरूण घालणार नाही. पण "दुसरा इलाज नव्हता" हे पूर्ण पटत नाही. इलाज होता की, सैन्य पाठवायचा. त्याच्या पक्षातले कित्येक तेच म्हणत होते आणि सैन्य चालवणं त्याच्याइतकं कोणाला येत होतं? राजा चौथा जॉर्ज तर ऐकायलाच तयार नव्हता. ४ मार्च १८२९ ला विंडसरला तासन् तास रडारड, ब्रँडी, माझी राज्याभिषेकाची शपथ मोडते वगैरे, शेवटी वेलिंग्टन आणि त्याचा गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी राजीनामे ठेवले तेव्हा रात्री राजाची चिठ्ठी आली की बरं, करा. मग लॉर्ड विंचिल्सीने छापून आरोप केला की हा प्रोटेस्टंट असल्याचं दाखवून आतून कॅथलिकांना घुसवतोय. तर देशाच्या पंतप्रधानाने २१ मार्चला सकाळी बॅटरसीच्या मैदानावर जाऊन त्याच्याशी पिस्तुलाचं द्वंद्व केलं, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी! याने गोळी बाजूला मारली, विंचिल्सीने हवेत, आणि लेखी माफी मागितली. पीलने तर मतदारांचा कौल घ्यायचा म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठाची जागा सोडली, परत उभा राहिला आणि पडला. म्हणजे किंमत मोजली दोघांनीही, गरीब आयरिश शेतकऱ्याएवढी नाही हे खरं.

वकिलीण_पुणे

धागा वाचतेय, एक फारच कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट सांगते, कारण वेलिंग्टन पंतप्रधान असतानाचा पुण्याशी थेट धागा आहे.

तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता सर जॉन माल्कम, वेलिंग्टनचा १८०० च्या आसपासपासूनचा जवळचा मित्र, महाबळेश्वरचं माल्कम पेठ ज्याच्या नावावरून पडलं तोच. १८२८ मधे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या मोरो रघुनाथ नावाच्या मुलासाठी हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला, त्याचे नातेवाईक पांडुरंग रामचंद्र यांनी त्याला ताब्यात ठेवलंय, कोर्टापुढे हजर करा असा. माल्कमचं सरकार म्हणालं पुणे तुमच्या हद्दीत नाही, आम्ही हुकूम बजावू देणार नाही. त्याच वर्षात तीनपैकी दोन न्यायाधीश वारले, एकटे सर जॉन ग्रँट राहिले, त्यांनी एप्रिल १८२९ मधे सरळ कोर्टच बंद केलं, माझा हुकूम पाळला जात नाही तर मी बसणार नाही म्हणाले! प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे शेवटच्या अपिलापर्यंत गेलं आणि तिथे सरकारच्या बाजूने मत पडलं.

वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळात हिंदुस्थानचं खातं लॉर्ड एलनबरोकडे होतं, त्याने माल्कमला खाजगी पत्र लिहिलं की आता दोन नवे न्यायाधीश पाठवतोय, मग ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मधला रानटी हत्ती होईल. ते पत्र बाहेर फुटलं आणि बोंबाबोंब झाली. मी कोर्टात हेबियस कॉर्पसचे अर्ज दाखल करते तेव्हा मला हा मुलगा आठवतो, कारण माणसाला हजर करा एवढं साधं मागणं सरकारच्या हद्दीच्या वादात कसं चिरडतं ते यात दिसतं. वेलिंग्टनला शिस्त आणि सत्ता कळत होती, सत्तेला विचारणारं कोर्ट किंवा प्रजा त्याच्या लोकांना कळत नव्हती, असं माझं मत.

मँचेस्टरकरीण

वकिलीण ताई, हे अजिबात माहीत नव्हतं! आणि तुमचं शेवटचं वाक्य १८३० ला अगदी लागू पडतं.

सातपाटी_मास्तर

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, म्हणून १८३० चा शेवट सांगायचा मोह होतोय. त्या वर्षी जूनमधे राजा वारला, जुलैमधे फ्रान्समधे क्रांती, दक्षिण इंग्लंडमधे शेतमजूर मळणीयंत्रं फोडतायत, सगळीकडे एकच मागणी की मतदारसंघ नीट करा. २ नोव्हेंबरला लॉर्ड्समधे वेलिंग्टन उभा राहिला आणि म्हणाला की सध्याची व्यवस्था देशाच्या पूर्ण विश्वासाला पात्र आहे, याहून चांगली मला सुचणार नाही आणि मी असेपर्यंत सुधारणेला विरोध करणार. बसल्यावर त्याने शेजारच्या अबर्डीनला, म्हणजे आपल्या परराष्ट्रमंत्र्याला विचारलं, मी जास्त तर नाही ना बोललो? अबर्डीन म्हणाला, कळेलच तुम्हाला. १५ नोव्हेंबरला राजघराण्याच्या खर्चावरच्या मतदानात सरकार २३३ विरुद्ध २०४ ने पडलं, दुसऱ्या दिवशी राजीनामा.

पण खरी गंमत पुढे आहे पोरांनो. सरकार पाडणाऱ्यात व्हिगांबरोबर, म्हणजे विरोधी पक्षाबरोबर, त्याच्याच पक्षातले कडवे टोरी होते, कॅथलिक कायद्याचा राग धरून बसलेले. त्यातला ब्लँडफर्ड तर स्वतःच सुधारणा मागायला लागला होता, कारण त्याचं म्हणणं की खऱ्या लोकांचं पार्लमेंट असतं तर कॅथलिक कायदा पासच झाला नसता, विकत घेता येणारे मतदारसंघ आहेत म्हणून झाला. म्हणजे बघा, १८२९ मधे वेलिंग्टनने जे केलं त्याने टोरी पक्ष फुटला, आणि पक्ष फुटला म्हणून ज्या सुधारणेला त्याने जन्मभर विरोध केला तिचं दार उघडलं. १८३२ चा मतदारसंघ सुधारणेचा कायदा व्हिग पंतप्रधान ग्रेने आणला, पण वाट वेलिंग्टनच्या हातून मोकळी झाली. केळणाकाठ, तुमचा असईचा मुद्दा मला भावला, पण माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा गाभा हा आहे.

रोखठोक_बोल

मास्तर, हे पटलं. आणि मी आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने मान्य करतो, मे १८३२ मधे राजाने त्याला परत सरकार बनवायला सांगितलं, लोक बँकेतून सोनं काढून घेऊन त्याला अडवायला निघाले, आणि जमत नाही म्हटल्यावर तो मागे हटला, आपल्या माणसांना मतदानापासून लांब राहायला लावलं म्हणून कायदा लॉर्ड्समधून सुटला. मनात नसताना वाट सोडली, पण सोडली. अर्थात त्या कायद्यानेही बहुतेक मजुरांना मत मिळालं नाही आणि बायकांना तर मतदार म्हणजे पुरुषच असं लिहून बाहेर ठेवलं, ते वेगळं.

मँचेस्टरकरीण

मागे लंडनला गेले होते तेव्हा हाइड पार्कच्या कोपऱ्यावरचं त्याचं अ‍ॅप्सली हाउस बघितलं. एप्रिल १८३१ मधे सुधारणेच्या बाजूने असलेल्यांनी घरात दिवे लावून आनंद करायचा होता, या घरात अंधार म्हणून जमावाने दगड मारून खिडक्या फोडल्या. आत त्याची बायको किटीचं प्रेत होतं, ती तीन दिवसांपूर्वी गेली होती. दगड मारणाऱ्यांना ते माहीत असेल नसेल. नंतर त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवून घेतल्या आणि वर्षानुवर्षं काढल्या नाहीत. १८ जून १८३२ ला, वॉटर्लूच्याच दिवशी, घोड्यावरून येताना लंडनच्या रस्त्यात लोकांनी त्याच्यावर घाण फेकली. आणि १८५२ मधे गेला तेव्हा त्याच शहरात त्याची अंत्ययात्रा बघायला रस्ते तुडुंब. मी त्या खिडक्यांकडे बराच वेळ बघत उभी होते.

केळणाकाठ

मास्तर, तुम्ही माझं काम सोपं केलंत, मी हे असं जोडलंच नव्हतं. १८४६ मधेही तसंच झालं ना, पीलने धान्यावरचा आयातकर काढायला घेतला, वेलिंग्टनला तो कायदा मनापासून पटत नव्हता, पण सरकार चालायला हवं म्हणून त्याने लॉर्ड्समधून तो पास करून दिला. मग मला वाटतं की १८३० चं ते भाषण हाच त्याच्या स्वभावाला अपवाद होता. असईला समोरासमोरची दोन गावं बघून उतार ओळखणाऱ्या माणसाला मँचेस्टरच्या गर्दीकडे बघून काहीच ओळखता आलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्या गर्दीला तो घाबरत होता, फ्रान्समधे काय झालं ते त्याने बघितलं होतं, कारण असेलही ते.

नगरीभाऊ, गोळ्याचं वजन केलं. भावाला फोन करून सांगितलं, त्याने किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला, पाच किलो दोनशे ग्रॅम भरला. गंज किती झडला असेल देव जाणे, पण बारा पौंडीच दिसतोय. भाऊ म्हणाला आता दाराला दुसरा दगड लावलाय, गोळा आत देवळीत ठेवलाय.